बालकांचे स्कॅन आणि मोठ्यांचे मोजमाप

लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी एका स्त्रीच्या मेंदूचे चित्र, तिच्या कवटीला शस्त्र न लावता, काढण्यात आले. गॉडफ्रे हाऊन्सफील्ड या अभियंत्याने सिद्ध केलेल्या यंत्राने त्या स्त्रीच्या मेंदूतील गाठ स्पष्टपणे दाखविली. ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यासाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या ई. एम. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत हे यंत्र जन्मास यावे, हीही एक गंमतच! आठ वर्षांनी, १९७९ साली, हाऊन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना या कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आज सी. टी. स्कॅन हा शब्द इतका घरगुती झाला आहे की, आजाऱ्याच्या समाचारास आलेला पाहुणासुद्धा आधी "स्कॅन काढला का?" असे विचारतो. या यंत्राने किती जीव वाचविले याची गणती नाही. तेव्हा त्याच्याविषयी तक्रारीचा सूर काढणे हे कृतघ्नपणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु आमची तक्रार यंत्राविषयी नाही. तान्ह्या आणि लहान मुलांच्या बाबतीत हे यंत्र ज्या रीतीने चालविले जाते, त्याविषयी आहे.

सी. टी. स्कॅन म्हणजे शरीराभोवती क्ष-किरणांचा झोत फिरवून आतील भागाचे काप काढल्यासारखे चित्र मिळविणे. साध्या क्ष-किरण चित्रापेक्षा त्यात किरणांची मात्रा पुष्कळ अधिक लागते. प्रौढ माणसाच्या देहात चरबी आणि स्नायू यांचा जाड थर असतो. त्यात बरेच किरण अडतात आणि आतील अवयवांपर्यंत त्यांतील काही भागच पोचतो. तान्ह्या मुलाच्या देहाला असे कवच कुठले? ज्या मात्रेत साठ-सत्तर किलोच्या गृहस्थाच्या पोटाचे चित्र नीट येते, तीच मात्रा आठ किलोच्या बालकाला दिली, तर त्याच्या आतड्यांना, यकृताला, मज्जेला कितीतरी अधिक किरण सोसावे लागतात. त्यातून बालकाच्या पेशींची वाढ झपाट्याने चालू असते, म्हणून किरणांचा घाव त्यांना लवकर लागतो. आणि त्या घावाचे फळ दिसावयास जी दहा, वीस, तीस वर्षे लागतात, तेवढे आयुष्य म्हाताऱ्यापुढे उरलेले नसते. बालकापुढे मात्र ते सारेच्या सारे पडलेले असते.

हे सारे तज्ज्ञांना ठाऊक नव्हते असे नव्हे. तरीही २००१ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या एका प्रतिष्ठित मासिकात जे लेख प्रसिद्ध झाले, त्यांनी खळबळ उडाली. मूल लहान असो की मोठे, अनेक ठिकाणी यंत्राची मांडणी बदललीच जात नाही, असे एका पाहणीत आढळून आले होते. दुसऱ्या लेखात ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला होता की, अमेरिकेत पंधरा वर्षांखालील मुलांच्या डोक्याचे व पोटाचे वर्षाला सुमारे सहा लाख स्कॅन होतात आणि त्यांपैकी अंदाजे पाचशे मुलांना पुढेमागे या किरणांमुळे उद्भवलेल्या कर्करोगाने मृत्यू येऊ शकेल. हा हिशेब हिरोशिमा-नागासाकीच्या अणुबॉम्बमधून बचावलेल्या लोकांच्या अनुभवावर बेतलेला होता. त्यामुळे त्याला अंदाजाचे म्हणून हिणविणारेही निघाले. मात्र पुढे प्रत्यक्ष मुलांचा मागोवा घेणारी संशोधने आली. ब्रिटनमधील १९८५ ते २००२ या काळात स्कॅन झालेल्या पावणेदोन लाखांहून अधिक मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मात्रेची बेरीज वाढेल तसा रक्ताच्या आणि मेंदूच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. त्यावर आक्षेप असा घेण्यात आला की, ज्यांच्या अंगी रोग आधीच दडलेला होता त्यांचेच स्कॅन झाले असतील, त्यात किरणांचा दोष काय? आक्षेप रास्त होता. म्हणून युरोपातील नऊ देशांच्या सुमारे साडेनऊ लाख व्यक्तींवरील अभ्यासात स्कॅननंतरचा आरंभीचा काळ हिशेबातून वगळण्यात आला. त्याचा निष्कर्ष २०२३ साली बाहेर आला: आजच्या सरासरी मात्रेने स्कॅन झालेल्या दर दहा हजार मुलांपैकी एक-दोघांना पुढील बारा वर्षांच्या आत किरणांमुळे रक्ताचा कर्करोग होण्याचा संभव आहे.

दहा हजारांत एक-दोन. हा आकडा वाचून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्या मुलाचा स्कॅन न काढण्यातील धोका याच्या शेकडो पट मोठा असतो, हे आम्ही प्रथमच स्पष्ट करून ठेवतो. परंतु ज्या मुलाला स्कॅनची गरजच नव्हती, त्याच्या वाट्याला हा एक-दोनचा आकडा का यावा? आणि ज्याला गरज होती, त्याला लागेल त्याच्या दुप्पट-तिप्पट मात्रा का मिळावी? प्रश्न एवढाच आहे.

या चुकीचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. पूर्वीच्या क्ष-किरण फिल्मवर किरण जास्त पडले की फिल्म काळीठिक्कर होई आणि तंत्रज्ञाला आपली चूक डोळ्यांनी दिसे. सी. टी. स्कॅनमध्ये नेमके याच्या उलट घडते. मात्रा जास्त झाली तर चित्र बिघडत नाही, उलट अधिक सुबक आणि रेखीव येते. डॉक्टर खूश होतात, तंत्रज्ञाची पाठ थोपटली जाते, आईबापांना समाधान वाटते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला बोलता येत नसते. आणि वीस वर्षांनी काही उद्भवलेच, तर त्याचा संबंध त्या दिवशीच्या स्कॅनशी जोडण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. चूक करणाऱ्याला शिक्षा नाहीच, उलट बक्षीस मिळते, अशा चुका आपोआप सुधारत नसतात.

२००८ सालच्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील आर्काटा या लहानशा गावी जे घडले, ते या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. बिछान्यावरून पडलेल्या सुमारे दोन वर्षांच्या एका मुलाला मानेच्या तपासणीसाठी तेथील रुग्णालयात नेण्यात आले. काही क्षणांत आटोपणारा तो स्कॅन तासाहून अधिक वेळ चालला, आणि त्या अवधीत मुलाच्या डोक्याच्या त्याच त्या भागावरून यंत्राचा झोत १५१ वेळा फिरला. घरी गेल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर भाजल्यासारखी लाली उमटली, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. तंत्रज्ञाचा परवाना गेला. परंतु एका व्यक्तीला दोष देऊन प्रकरण मिटविणे सोपे असते. तासभर एक मूल त्या यंत्रात होते आणि दीडशे वेळा कळ दाबली गेली तरी यंत्राने "थांबा" म्हटले नाही, खोलीतील दुसऱ्या कोणीही म्हटले नाही, हे त्यातील खरे भीषण आहे. पुढल्याच वर्षी, २००९ साली, त्याच राज्यातील लॉस एंजेलिसच्या एका नामांकित रुग्णालयात पक्षाघाताच्या शंकेने आलेल्या दोनशेहून अधिक प्रौढ रुग्णांना ठरलेल्याच्या सुमारे आठपट मात्रा मिळाल्याचे निष्पन्न झाले. यंत्राची मांडणी एकदा चुकीची बसविली गेली आणि दीड वर्ष ती तशीच राहिली. एका रुग्णाचे केस गळू लागले म्हणून शोध लागला! मात्रेचा आकडा यंत्राच्या पडद्यावर दर वेळी उमटत होता. पण वाचतो कोण? या दोन्ही प्रकरणांनंतर कॅलिफोर्निया राज्याने २०१० साली कायदा केला, आणि जुलै २०१२ पासून सी. टी. स्कॅनच्या प्रत्येक अहवालात किरणांची मात्रा नोंदविणे तेथे बंधनकारक झाले.

आर्काटासारखी प्रकरणे वर्तमानपत्रांत येतात म्हणून ती आपल्याला मोठी वाटतात. खरी हानी होते ती बातमी न होणाऱ्या, दररोजच्या, किरकोळ भासणाऱ्या चुकांनी. त्यांतील पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे अनावश्यक स्कॅन. मूल बलकांवच्या पायरीवरून पडते, डोक्याला टेंगूळ येते, घरात रडारड होते आणि आईबाप त्याला घेऊन धावतात. डॉक्टरही उद्या काही झाले तर बोल नको म्हणून स्कॅन लिहून देतात. २००९ साली अमेरिकेतील कुपरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचवीस रुग्णालयांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४,९६९ मुलांचे स्कॅन झाले होते. मेंदूला खरोखर गंभीर इजा निघाली ती सर्व मिळून ३७६ मुलांना, आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली अवघ्या साठांना. या पाहणीतून जे नियम निघाले ते कोणत्याही सुजाण माणसाला पटतील असे आहेत. दोन वर्षांखालील मूल शुद्धीवर आहे, पाच सेकंद किंवा त्याहून जास्त बेशुद्ध झालेले नाही, कपाळाखेरीज डोक्यावर अन्यत्र टेंगूळ नाही, कवटीला भेग हाताला लागत नाही, फार उंचावरून पडलेले किंवा वाहनाची जोराची धडक बसलेले नाही आणि आईबापांच्या मते ते नेहमीसारखे वागते आहे, असे असेल तर गंभीर इजेचा संभव जवळजवळ नसतो. हे ठरविणे अर्थात डॉक्टरांचे काम, वाचकांनी घरी बसून हा निवाडा करू नये. पण या नियमांतील शेवटचे कलम आम्हाला विशेष मोलाचे वाटते. लाखो रुपयांच्या यंत्राआधी "मूल नेहमीसारखे वागते आहे का?" हा प्रश्न आईला विचारावयाचा, असे जगातील मोठमोठ्या तज्ज्ञांनी आकडेमोड करून ठरविले आहे. आपल्याकडे गर्दीच्या वॉर्डात आईला बाहेर उभे करून मूल आत नेण्याची घाई असते. काही तास मुलाला नजरेखाली ठेवणे हाही एक उपचार आहे, हे आपण विसरत चाललो आहोत.

पोटदुखीचेही तसेच. आंत्रपुच्छाची सूज किंवा आतड्यात आतडे शिरणे यासारख्या गोष्टी सोनोग्राफीत पुष्कळदा दिसतात, आणि सोनोग्राफीत क्ष-किरण मुळीच नसतात. टाळू भरली नसेल तर तान्ह्याचा मेंदूसुद्धा टाळूतून सोनोग्राफीने पाहता येतो. परंतु सोनोग्राफीला कुशल हात आणि धीर लागतो, स्कॅनला कळ दाबली की झाले.

स्कॅन आवश्यकच ठरला, तर पुढील चुका यंत्राच्या खोलीत होतात. औषध टोचण्यापूर्वी एकदा आणि टोचल्यावर पुन्हा एकदा, असे दोनदा चित्र काढण्याची मोठ्यांची रीत मुलांना लावली जाते; बहुतेक वेळा एकदाच पुरते. छातीचा स्कॅन मागितलेला असताना झोत मानेपासून पोटापर्यंत फिरतो. इवलेसे मूल यंत्राच्या बरोबर मध्यावर न ठेवता खाली-वर ठेवले जाते, त्यामुळे मात्रा आपोआप कमी-अधिक करणारी योजनाही फसते. आणि पडद्यावर दिसणारा मात्रेचा आकडादेखील मुलांच्या बाबतीत फसवा असू शकतो. तो आकडा सोळा किंवा बत्तीस सेंटिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यावर मोजून ठरविलेला असतो. बत्तीस सेंटिमीटरचे नळकांडे म्हणजे प्रौढाचे धड. तान्ह्याच्या धडासाठी तोच आकडा धरला, तर प्रत्यक्ष मात्रा त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असू शकते. अमेरिकेतील वैद्यकीय पदार्थविज्ञांच्या संघटनेने २०११ साली देहाच्या आकाराप्रमाणे हा आकडा दुरुस्त करण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. ती कोष्टके भिंतीवर लावण्यास काय खर्च येतो?

मूल हलले की चित्र पुसट येते आणि स्कॅन पुन्हा करावा लागतो. म्हणजे मात्रा दुप्पट. त्यावर गुंगीचे औषध हा उपाय आहे, पण त्याचे स्वतःचे धोके आहेत. पाश्चात्त्य रुग्णालयांत अलीकडे तान्ह्यांसाठी एक नवी पद्धत रूढ झाली आहे: बाळाला पोटभर पाजावयाचे, कपड्यात घट्ट गुंडाळावयाचे आणि झोप लागली की अलगद यंत्रात ठेवावयाचे. ही पद्धत वाचून आमच्याकडील कोणतीही आजी हसेल. दुपट्यात गुंडाळलेले, पोट भरलेले मूल झोपते, हे तिला कोणत्याही मासिकाने सांगावे लागलेले नाही. आजची यंत्रे इतकी वेगवान आहेत की काही सेकंदांत काम भागते. मात्र त्यासाठी मुलाच्या झोपेची वाट पाहण्याइतकी सवड रुग्णालयाला हवी. औषध टोचून होणाऱ्या स्कॅनच्या आधी मूल उपाशी ठेवावयाचे की नाही, हे अर्थातच डॉक्टरांनी आधी सांगितले पाहिजे.

चित्र उत्तम आले तरी ते वाचण्यात चूक होते, आणि येथेही मोठ्यांचेच मोजमाप आड येते. तान्ह्याच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात. काही मुलांत नेहमीपेक्षा एखादा सांधा जास्तही असतो. प्रौढांची चित्रे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना तो सांधा म्हणजे अस्थिभंग वाटतो. मग निरपराध आईबापांवर "मुलाला मारलेत का?" असा संशय येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. छातीतील थायमस ग्रंथीची कथा तर याहून उद्बोधक आहे. ही ग्रंथी बालपणी मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टरांना तिचा नेहमीचा आकार ठाऊक होता तो शवविच्छेदनांवरून. आणि विच्छेदनास येणारी शवे बहुधा गरिबांची, दीर्घ आजाराने खंगलेल्यांची, म्हणजे ज्यांची ग्रंथी आजारानेच लहान झालेली. साहजिकच निरोगी बालकाची ग्रंथी त्यांना सुजलेली भासली. अचानक दगावणाऱ्या मुलांचा दोष त्यांनी तिच्या माथी मारला आणि ती लहान करण्यासाठी हजारो धडधाकट मुलांच्या छातीवर क्ष-किरणांचा मारा केला. १९५० साली डफी आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकी डॉक्टरांच्या ध्यानात आले की, थायरॉईडचा कर्करोग झालेल्या त्यांच्या बालरुग्णांपैकी बऱ्याच जणांना तान्हेपणी हा "उपचार" झालेला होता. आजही नवखा वाचक सी. टी. स्कॅनमधील निरोगी थायमसला गाठ समजून बसू शकतो, आणि त्या शंकेच्या निरसनासाठी आणखी एक स्कॅन लिहिला जातो.

या चुका कमी करता येतात, याला पुरावा आहे. अमेरिकेत २००८ साली बालरोग-क्ष-किरणतज्ज्ञांनी पुढाकार घेऊन मोहीम सुरू केली. मुलांसाठी मात्रा मुलांच्या मापाची, गरज असेल तरच स्कॅन, एकदाच आणि तेवढ्याच भागाचा, एवढेच तिचे सांगणे होते. तेथील काही मोठ्या आरोग्य-संस्थांच्या २०१३ सालच्या अभ्यासात दिसले की, १९९६ ते २००५ या काळात झपाट्याने वाढलेले मुलांचे स्कॅन २००७ नंतर उतरणीला लागले. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. एकाच प्रकारच्या स्कॅनसाठी वेगवेगळ्या मुलांना मिळणाऱ्या मात्रेत प्रचंड तफावत होती, आणि सर्वांत मोठ्या मात्रांचा वरचा चौथा हिस्सा जरी मध्यावर आणला, तरी संभाव्य कर्करोगांपैकी ४३ टक्के टळू शकतील, असा अंदाज त्यात बांधला आहे. म्हणजे नवे यंत्र नको, नवे औषध नको. शेजारचे रुग्णालय जे करते तेच आपण केले तरी अर्धे काम होते. मात्र शेजारी काय करतो हे कळण्यासाठी दोघांनीही आपापले आकडे लिहून ठेवलेले हवेत.

आपल्या देशात १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतील अणुशक्तीनगरातून या यंत्रांवर देखरेख ठेवते. यंत्र चालविण्यास मंडळाचा परवाना लागतो, किरण-सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो आणि ठराविक मुदतीने यंत्राची चाचणी करावी लागते. हे सारे योग्यच आहे. पण परवाना यंत्राला मिळतो. रात्री दोन वाजता रडणारे मूल टेबलावर असताना तंत्रज्ञाने पडद्यावरील मुलांची मांडणी निवडली की मोठ्यांची, हे मुंबईहून कोणाला दिसणार? ते पाहावयाचे ते त्या त्या रुग्णालयानेच. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात केवळ पेडणे, सत्तरी, काणकोणहूनच नव्हे, तर सावंतवाडी, दोडामार्ग आणि कारवारकडूनही रुग्ण आणले जातात. आधीच्या रुग्णालयात स्कॅन झालेला असतो. पण घाईगडबडीत त्याची चकती घरी राहते, किंवा नुसता कागदी अहवाल हाती असतो. मग तोच स्कॅन पुन्हा. मूल पाठविणाऱ्या रुग्णालयाने चित्रांसह सारी कागदपत्रे त्याच्याबरोबर दिलीच पाहिजेत. यात सबब चालता कामा नये.

आणि एक धोक्याचा इशारा. हे वाचून कोणी आईबापाने गरजेचा स्कॅन नाकारला, तर या लेखाचा हेतूच फसला. मूल गुंगीत जात असेल, वारंवार उलट्या करीत असेल, झटके येत असतील, ओळख देत नसेल, तर डॉक्टरांनी सांगितलेला स्कॅन एक क्षणही लांबवू नये. अशा वेळी विचारावयाचा प्रश्न "काढू नये का?" हा नसून "मुलांच्या मात्रेने काढणार ना?" एवढाच असावा. तो विचारण्यात डॉक्टरांचा उपमर्द होत नाही, आणि ज्यांना तसा तो वाटेल त्यांना तो अवश्य विचारावा.

राज्याच्या आरोग्य खात्याकडे आमची मागणी साधी आहे. सरकारी असो वा खासगी, बारा वर्षांखालील मुलाच्या प्रत्येक सी. टी. स्कॅनच्या अहवालावर मुलाचे वजन, स्कॅन किती वेळा झाला आणि किरणांची मात्रा किती, हे तीन आकडे छापलेच पाहिजेत, असा आदेश खात्याने काढावा. हे आकडे यंत्र स्वतःच देते, किंवा वजनकाट्यावर मिळतात. वर्षाअखेर ते सारे एकत्र करून कोणाची मात्रा इतरांहून फार मोठी आहे एवढे पाहिले, तरी पुष्कळ निभेल. बांबोळीच्या महाविद्यालयाने आदेशाची वाट न पाहता येत्या महिन्यापासून ही सुरुवात केली, तर खासगी रुग्णालयांना मागे राहणे जड जाईल. आणि तेच आकडे लिहून ठेवण्यासाठी नवी वही काढण्याचेही कारण नाही. प्रत्येक बाळाबरोबर लसीकरणाचे पुस्तक येते, आई ते जिवापाड जपते, आणि त्यात शेवटी एखादे पान कोरे सापडतेच.